संवेदकावरील धूळ : प्रस्तावना

पश्चिमेस कलघटगीकडून चढत आलेली मलनाडाची तांबडी माती आणि पूर्वेस नवलगुंद, अण्णिगेरी ओलांडून गदगच्या रोखाने पसरलेली कापसाची काळी माती, या दोहोंच्या शिवेवर वसलेल्या हुबळी-धारवाड या जोडशहरांत जो कोणी कॅमेरा बाळगतो, आणि प्रसंगानुरूप त्याची लेन्स बदलतो, त्याला माघ महिन्यापासून मृग निघेपर्यंत धुळीशी व्यवहार केल्यावाचून गत्यंतर नाही. लग्नसराई याच दिवसांत, जत्रा याच दिवसांत, शिमगा आणि रंगपंचमीही याच दिवसांत. म्हणजे छायाचित्रकाराच्या मिळकतीचा आणि धुळीच्या अंमलाचा हंगाम एकच. असे असूनही या विषयावर आपल्या लोकांत जे ऐकावयास मिळते ते बहुतांशी दोन टोकांचे असते : एक पक्ष सेन्सरला हात लावणे हे महापातक समजून चार ठिपक्यांसाठी कॅमेरा बेंगळुरूला किंवा पुण्याला रवाना करतो, आणि दुसरा पक्ष चष्म्याच्या फडक्याचे टोक ओले करून काम भागवतो. या दोहोंच्या दरम्यान माहितीची, तपासाची आणि थोड्याशा धीराची जी वाट आहे ती दाखवावी, एवढ्याच मर्यादित हेतूने प्रस्तुत पुस्तिका सिद्ध केली आहे.

फिल्मच्या जमान्यात ही अडचण जवळजवळ नव्हती, आणि तिचे कारण छायाचित्रकारांची स्वच्छताप्रियता हे खास नव्हे. प्रत्येक छायाचित्राला फिल्मचा नवा, अस्पर्शित तुकडा मिळत असे. त्यावर एखादा कण बसलाच तर तो त्या एका चौकटीपुरता दोष करून फिल्मबरोबर पुढे सरकत असे. धूळ खरी छळत असे ती अंधारखोलीत : निगेटिव्हवर बसलेला कण छापील प्रतीत पांढरा ठिपका होऊन उमटे, आणि स्टुडिओतील जाणता कारागीर बारीक कुंचल्याने, रंगाची छटा जुळवीत, तो ठिपका भरून काढीत असे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ज्या सीसीडीची कल्पना मांडली, आणि जिच्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तिच्यापासून निघालेल्या इलेक्ट्रॉनिक छायाचित्रणाने ही सारी व्यवस्था उलटी केली. आता एकच पृष्ठभाग लाखो छायाचित्रांची चाकरी करतो, आणि त्याच्यावर एकदा ठाण मांडून बसलेला कण वधूच्या छायाचित्रात, देवळाच्या छायाचित्रात आणि पासपोर्टाच्या छायाचित्रात त्याच एका जागी हजेरी लावतो.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. आपण सवयीने ‘सेन्सरवर धूळ बसली’ असे म्हणतो, परंतु प्रत्यक्ष सेन्सरवर कोणतीही धूळ बसत नाही. सेन्सरच्या पुढे काचेचा एक थर असतो, ज्यात अवरक्त किरण अडविणारी, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत सूक्ष्म तपशील किंचित विरळ करणारी, अशा गाळण्या एकत्र बसविलेल्या असतात. धूळ बसते ती या थराच्या बाह्य पृष्ठावर. सेन्सरपासून तिचे अंतर असते ते अवघे एकदोन मिलिमीटर. हे अंतर क्षुल्लक वाटते खरे, पण या विषयातील बहुतेक चमत्कार त्यानेच घडवून आणले आहेत, सबब त्याचे गणित येथेच मांडणे इष्ट होय.

समजा, हे अंतर दोन मिलिमीटर आहे आणि कणाची रुंदी मिलिमीटराच्या तीन शतांश आहे. सेन्सरच्या कोणत्याही एका बिंदूकडे येणारा प्रकाश शंकूच्या आकाराने येतो, आणि त्या शंकूची काचेच्या पृष्ठावरील रुंदी म्हणजे अंतराला ॲपर्चरच्या आकड्याने भागून येणारी संख्या. एफ/२.८ ला ही रुंदी सुमारे ०.७ मिलिमीटर भरते, आणि तेवढ्या पसाऱ्यात आपला कण पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश अडवितो. म्हणजे छाया पडते, पण ती इतकी विरलेली की डोळ्यास तिचा पत्ताही लागत नाही. एफ/२२ ला तोच शंकू ०.०९ मिलिमीटर इतका निमुळता होतो, आणि तोच कण प्रकाशाचा सुमारे नववा हिस्सा गिळून बसतो. वीसेक पिक्सेल रुंदीचा करडा डाग निळ्या आकाशात स्पष्ट उमटतो. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा उत्सव भरतो तेव्हा रात्रीच्या अंधुक उजेडात ॲपर्चर पूर्ण उघडून गवयांची छायाचित्रे घेणारा माणूस आपला कॅमेरा निष्कलंक असल्याची ग्वाही देईल, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी बदामीस जाऊन अगस्त्य तलाव, त्यामागचे वालुकाश्माचे कडे आणि वरचे निरभ्र आकाश, सारेच स्वच्छ यावे म्हणून एफ/१६ वर चित्र घेईल, तर त्याच्या आकाशात डझनभर डाग निघतील. एका रात्रीत धूळ बसली असे तो म्हणेल. वस्तुतः ती कित्येक महिने तेथेच होती. तिला साक्षीला बोलावले ते ॲपर्चरने.

यावरून या पुस्तिकेची भूमिका वाचकांच्या ध्यानात येईल. माझे स्पष्ट मत असे आहे की, धुळीपायी कॅमेऱ्याचे जेवढे नुकसान होते त्याहून अधिक नुकसान ती धूळ काढण्याच्या उतावळेपणात होते, आणि म्हणून स्वच्छतेच्या प्रकरणाआधी तपासाची दोन प्रकरणे घातली आहेत. ज्याचे सारे काम एफ/४ च्या आतबाहेर चालते, जो मांडवातल्या चेहऱ्यांपलीकडे फारसा जात नाही, त्याने वर्षाकाठी एखाद्या वेळी ब्लोअर मारण्यापलीकडे काही करू नये. उलट, ज्याला हिवाळ्यात गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर उतरणाऱ्या पट्टकादंब हंसांचे थवे मोकळ्या आकाशात टिपावयाचे आहेत, त्याला एकेका डागाची पर्वा केलीच पाहिजे. नाहीतर दूरच्या थव्यात एक पक्षी अधिक मोजला जाण्याचा संभव असतो, आणि पक्षिनिरीक्षणाच्या नोंदींत असल्या चुका एकदा शिरल्या म्हणजे सहसा निघत नाहीत.

तपासाची रीत सोपी आहे. आयएसओ १०० वर ठेवावा, ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ करावे, ऑटोफोकस बंद करून लेन्स अनंतावर आणावी, आणि जवळच्या पांढऱ्या भिंतीचे किंवा संगणकाच्या कोऱ्या पडद्याचे चित्र, कॅमेरा मुद्दाम हलता ठेवून, घ्यावे. भिंतीचे पोपडे आणि पडद्यावरचे डाग हालचालीत पुसट होऊन जातात. जे पुसट होत नाही ते कॅमेऱ्याच्या आतले. मग संगणकावर चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवून ते कोपऱ्याकोपऱ्याने पाहावे. लेन्स बदलून पुन्हा तसेच चित्र घेतले आणि डाग जागचा हलला नाही, म्हणजे आरोपी निश्चित झाला. लेन्सच्या पुढच्या काचेवरील धुळीने असे डाग क्वचितच पडतात, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्याला दिसणारे, चित्रात न येणारे कण आरशाच्या वरील काचेवरचे असतात, त्यांच्यापायी सेन्सर पुसणे म्हणजे भलत्याच इसमास शिक्षा देणे होय. डागाची जागा ठरविताना एक लक्षात ठेवावे : लेन्स सारे चित्र उलटे पाडते, म्हणून चित्रातील आकाशातला डाग सेन्सरच्या खालच्या कडेस असतो. मात्र कॅमेऱ्याकडे समोरून पाहिले असता डावे डावीकडेच आणि उजवे उजवीकडेच दिसते; वरखाली मात्र अदलाबदल होते. एवढे ध्यानात नसल्यामुळे भल्याभल्यांनी स्वच्छ कोपरा घासला आहे आणि मळका तसाच ठेवला आहे.

आता धुळीविषयी. परदेशी माहितीपुस्तकांत ‘धूळ’ हा एकच पदार्थ मानलेला असतो. आमच्याकडे तसे मानून चालत नाही, आणि या पुस्तिकेचा सर्वांत मोठा भाग याच भेदासाठी खर्ची घातला आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ज्या अतिप्राचीन खडकसमूहाला धारवाडचे नाव दिले, आणि ज्याच्या शिरांतून कोलार व हट्टी येथील सोने निघाले, त्या खडकांच्या झिजेतून येणाऱ्या तांबड्या धुळीत लोहाची ऑक्साइडे असतात, तसेच क्वार्ट्झचे कठीण कणही असतात. काठिण्याच्या मापनश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे, आणि कॅमेऱ्यातील काच त्याहून मऊ. असा कण काचेवर असताना तिच्यावरून स्वॉब फिरविला, तर स्वॉबच त्या कणाला धरून काचेवर रेघ ओढतो. आणि ती रेघ मात्र कोणत्याही द्रवाने जात नाही. तांबड्या मातीच्या मुलखातून आलेल्या माणसाने म्हणून प्रथम फक्त ब्लोअर वापरावा, पुन्हा वापरावा, आणि चाचणीचे चित्र घेतल्यावाचून काचेस काहीही लावू नये.

काळ्या मातीची प्रकृती निराळी. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती विपुल असते, जी पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. चैत्रात नवलगुंदच्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तिचे सूक्ष्मतम कण दोन मायक्रोनच्याही आतले असतात. एकेकटा असा कण छायाचित्रात दिसत नाही, पण त्यांचे पुंजके दिसतात, आणि कण जितका लहान तितकी त्याच्या वजनाच्या मानाने काचेला चिकटून राहण्याची शक्ती अधिक, त्यामुळे ब्लोअरच्या वाऱ्याला ते दाद देत नाहीत. त्यांना अपुरा ओलावा लागला तर ते निघत तर नाहीतच, उलट पाटीवर ओले बोट फिरविल्यासारखा पातळ लेप होऊन सर्वत्र पसरतात. पहिल्या वळवाच्या सरीनंतर, हवेत दमटपणा आल्यावर, हीच धूळ काचेवर जणू सिमेंट होऊन बसते. म्हणून काळ्या रानात काम करणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी काच साफ करून घ्यावी. नंतर तेच काम दुप्पट कठीण होते.

तिसरा प्रकार कापसाच्या तंतूंचा. एकोणिसाव्या शतकात ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कापसापासून या भागाची कीर्ती चालत आली आहे, हुबळीची बाजारपेठ कापसावर पोसली आहे, आणि बेंगेरीच्या खादी केंद्रात राष्ट्रध्वज तयार होतात. जिनिंगच्या कारखान्यात किंवा मागावर छायाचित्रे घेण्यास जाणाऱ्याच्या कॅमेऱ्यात जे शिरते ते गोल कण नसून पंधरा-वीस मायक्रोन जाडीचे वाकडेतिकडे धागे असतात, आणि चित्रात ते केसासारखे, किंचित वळसा घेतलेले दिसतात. हा प्रकार दिसावयास भयंकर, पण काढावयास सर्वांत सोपा. कारण धाग्याची दोन्ही टोके सहसा काचेला टेकलेली नसतात आणि ब्लोअरचा वारा त्याच्या खाली शिरतो. या धाग्यांच्या मागे स्वॉब घेऊन लागणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची मला कीव येते.

आणि चौथा प्रकार आपण स्वहस्ते उधळतो तो. हुबळीच्या रंगपंचमीत पिंपेच्या पिंपे रंग रिकामे होतात. जेजुरीस सोमवतीला आणि कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याने माणसांसकट आसमंत पिवळा होतो, आणि खंडोबा म्हणा की मैलार म्हणा, कृष्णेच्या दोन्ही तीरांना हा पिवळा रंग एकच आहे. छायाचित्रकारांची तेथे झुंबड उडते हे योग्यच आहे, कारण असे दृश्य दुसरीकडे मिळणे कठीण. परंतु बाजारचा कोरडा गुलाल बहुधा पिष्टमय पदार्थाला रंग देऊन केलेला असतो, आणि पिष्ट पाण्याने चिकट होते. हळदीत तेलाचा अंश असतो, आणि तिचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात मात्र विरघळतो. म्हणजे एकाला ओले करणे घातक आणि दुसऱ्याला पाण्याने ओले करणे व्यर्थ. अशा ठिकाणी माझा सल्ला उपचाराचा नसून बंदोबस्ताचा आहे : एक कॅमेरा, एकच लेन्स, घरून निघताना बसविलेली, आणि परत येऊन अंगावरचे कपडे बदलून बॉडी बाहेरून पुसून घेईपर्यंत न काढलेली. झूमची नळी आतबाहेर होताना हवा ओढते आणि तिच्याबरोबर भंडाराही ओढते; शक्य तर स्थिर नाभ्यंतराची लेन्स न्यावी.

कॅमेरे करणारांनी या बाबतीत हात जोडून बसावे असे झालेले नाही. २००३ साली ऑलिंपसने ई-१ या कॅमेऱ्यात सेन्सरपुढील गाळणी श्राव्यातीत कंपनांनी झटकण्याची योजना केली. २००६ मध्ये कॅनन, सोनी आणि पेंटॅक्स यांनी आपापल्या परीने तसेच काही आणले, आणि आज कंपनाची ही सोय बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत असते. कोरडा, भरड कण तिने पडतो. चिकटलेला पडत नाही. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो, म्हणून त्यांपैकी काहींत कॅमेरा बंद केला की शटर आपोआप मिटते. बाहेरून येणारी धूळ हीच एकमेव धूळ असेही नाही : २०१२ साली निघालेल्या निकॉन डी६०० च्या सेन्सरवर आतूनच डाग साचू लागल्याच्या तक्रारी जगभर झाल्या, आणि २०१४ मध्ये कंपनीने ते कॅमेरे विनामूल्य तपासून देण्याचे जाहीर केले. शटरच्या यंत्रणेतील तेलाचा शिंतोडा असेल तर त्यास ब्लोअर काय करणार?

स्वच्छतेच्या कृतीचा तपशील तिसऱ्या प्रकरणात आहे. तिचा क्रम तेवढा येथे सांगतो, कारण सारे मर्म क्रमात आहे. आधी कॅमेऱ्यातील कंपन. मग बॅटरी पूर्ण भरलेली असताना आरसा वर उचलून, तोंड खाली केलेल्या कॅमेऱ्यात रबरी ब्लोअरचा वारा, नळी आत न घुसविता. मग, हात बसला असेल तर, चिकट जेलच्या कांडीने एकेक कण टिपून घेणे. आणि सर्वांत शेवटी ओला स्वॉब. स्वॉबची रुंदी सेन्सरच्या उंचीएवढी, म्हणजे मोठ्या ३६ × २४ च्या सेन्सरला २४ मिलिमीटर आणि एपीएस-सीला १६ मिलिमीटर, असावी. त्यावर द्रवाचे एकदोन थेंब टाकून ते मुरू द्यावेत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता, एकसारख्या हलक्या दाबाने एकदा न्यावे, स्वॉब उलटून दुसऱ्या बाजूने एकदा परत आणावे, आणि तो फेकून द्यावा. वापरलेला स्वॉब जपून ठेवून पुन्हा वापरण्याची काटकसर आमच्याकडे फार प्रिय आहे. ती इतरत्र करावी. तोंडाने फुंकर घालू नये, कारण फुंकरीबरोबर लाळ जाते. डब्यातील दाबाखालची हवा वापरू नये, कारण तिच्यातील द्रव काचेवर उडून गोठतो. हात धुण्याचे जंतुनाशक द्रव तर चुकूनही वापरू नयेत. सेन्सरसाठी मिळणाऱ्या पुष्कळ द्रवांत मेथॅनॉल असते. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे, हे घरात मुले असणाऱ्यांना वेगळे सांगणे नको.

धूळ न पुसता तिचा हिशेब ठेवण्याचीही एक परंपरा आहे, आणि ती आपल्याच मुलखात चालते. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. असल्या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यात धुळीच्या छाया कंकणाच्या आकाराच्या पडतात, कारण प्रकाशाच्या वाटेवर मध्यभागी दुय्यम आरसा उभा असतो. ज्योतिर्विद प्रत्येक कणासाठी कॅमेरा उघडीत नाहीत. संधिप्रकाशातील एकसारख्या उजळ आकाशाचे, किंवा उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचे, चित्र ते घेऊन ठेवतात आणि रात्रीच्या प्रत्येक चित्रास त्याने भागतात. धुळीने जेथे दहावा हिस्सा प्रकाश कमी केला असेल तेथे तेवढाच भरून निघतो. कॅनन आणि निकॉन यांनीही आपल्या कॅमेऱ्यांत आणि संगणकीय प्रणालींत अशीच, एका कोऱ्या चित्राचा दाखला जोडून डाग वजा करण्याची, तजवीज केलेली आहे, परंतु ती वापरणारा छायाचित्रकार माझ्या पाहण्यात विरळा. एका डागासाठी चारशे चित्रांत एकेक क्लोन करीत बसणाऱ्या लग्नाच्या छायाचित्रकाराने या रीतीवरील प्रकरण अवश्य वाचावे. अट एवढीच की कोरे चित्र त्याच दिवसाचे असले पाहिजे. कण मधल्या काळात सरकला तर हिशेब चुकतो.

पुस्तिका मराठीत का, असे धारवाडात कोणी विचारील असे वाटत नाही. १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि नंतरच्या मुंबई राज्यात असलेल्या या गावात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, जी. ए. कुलकर्णी यांनी येथे इंग्रजी शिकवीत मराठी कथा लिहिल्या, आणि आजही येथील दुकानात कॅमेऱ्याची चौकशी कानडीत सुरू होऊन मराठीत संपते. भाषेत मी ‘सेन्सर’, ‘ब्लोअर’, ‘स्वॉब’ हे रूढ शब्द तसेच ठेवले आहेत. दुकानात जाऊन जे मागावयाचे त्याचे नाव बदलून काय साधणार?

सातारा, सांगली, बेळगाव, कारवार या बाजूंच्या धुळीचा अनुभव मला पुरेसा नाही, आणि कोकणातील खाऱ्या हवेचा तर मुळीच नाही. त्या भागांतील वाचकांनी आपल्या कॅमेऱ्यात काय आढळले, कोणत्या महिन्यात, कोणत्या ॲपर्चरला, आणि ते कशाने गेले, एवढे चार तपशील चाचणीच्या चित्रासह प्रकाशकांकडे कळविले, तर दुसऱ्या आवृत्तीत ते कृतज्ञतापूर्वक समाविष्ट करीन. आणि ज्यांनी आपल्या कॅमेऱ्याचे चाचणीचे चित्र अद्याप एकदाही घेतलेले नाही, त्यांना विनंती की त्यांनी पहिले प्रकरण वाचून ते आधी घ्यावे, आणि त्यात काही आढळले तरच तिसऱ्या प्रकरणाकडे वळावे.